गांजा, भांग आणि तब्येत: औषधाच्या दुकानात हळू आवाजात विचारले जाणारे प्रश्न

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर एका बंदराच्या गावात गेली २२ वर्षं माझं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी मासळी उतरली की गर्दी होते, आणि गर्दी ओसरली की कोणीतरी काउंटरच्या कडेला रेंगाळतं. आधी क्रोसिनची पट्टी मागतं, सुट्टे पैसे मोजतं आणि मग आवाज खाली आणून म्हणतं, "भाऊ, एक इचारूचा हा. कोणाक सांगू नका हां." त्या प्रश्नांची ही उत्तरं. मी डॉक्टर नाही, फार्मसी शिकलेला दुकानदार आहे. तेव्हा हे वाचतानाही दुकानदारावर ठेवाल तेवढाच भरवसा ठेवा. गांजा ओढा असं इथं कुठे लिहिलेलं नाही आणि ओढणाऱ्याला शिव्याही घातलेल्या नाहीत. शिव्यांची आपल्या गावात टंचाई नाही.

गांजा ओढणारे लोक तब्येतीबद्दल कोणाला विचारतात?

आधी मित्राला. मग ज्याच्याकडून पुडी येते त्याला. मग मोबाइलला. आणि या सगळ्यांच्या वर स्वतःचा अनुभव: "दहा वर्षं ओढतोय, मला काय झालं?" डॉक्टरची पाळी फार उशिरा येते, बहुतेक वेळा कोणीतरी उचलून नेल्यावर. हे कोकणापुरतं नाही. अमेरिका-कॅनडात गांजा वापरणाऱ्यांच्या ज्या पाहण्या झाल्या त्यांतही स्वतःचा अनुभव, मित्रमंडळी आणि इंटरनेट पुढे असतात, डॉक्टर मागे. आणि तिथे तर तो बऱ्याच ठिकाणी राजरोस दुकानात मिळतो.

आपल्याकडे एक गाठ जास्तीची आहे. गाव लहान. केसपेपर काढणारी मुलगी भावकीतली, कंपाउंडर वहिनीच्या माहेरचा, आशाताई पलीकडच्या वाडीतली. म्हणून बोटीवरचा खलाशी शेजारच्या तालुक्यातल्या डॉक्टरकडे जातो आणि तिथेही गांजा सोडून बाकी सगळं सांगतो. २२ वर्षांत मी हेच पाहिलं: ज्याला जास्त कळतं त्याच्यापेक्षा जो बोंब मारणार नाही, त्याच्यावर माणसं विश्वास टाकतात. यात गैर काही नाही. फक्त जो गुपित राखतो त्याची माहितीही पक्की असणार, असं धरून चालतात आणि तिथे फसतात.

मी काउंटरवर दोनच प्रश्न विचारायला सांगतो. हे सांगणाऱ्याला ते कसं कळलं? आणि मी ऐकलं तर त्याला काय मिळतं?

असे लोक आहेत तरी किती?

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून देशभर पाहणी करून घेतली, तिचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटातल्या साधारण २.८ टक्के लोकांनी, म्हणजे ३.१ कोटी जणांनी, आदल्या वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काहीतरी घेतलं होतं. त्यांतले जास्त भांग घेणारे. मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख. तेव्हा "गावात मी एकटाच" असं वाटत असेल तर तसं नाही.

मित्राचं ऐकण्यात काय चुकलं? त्यानेही ओढलाय, डॉक्टरने नाही.

मित्राला एक गोष्ट खरंच माहीत असते: त्याला स्वतःला काय झालं. बाकी सगळा अंदाज. त्याच्या घरात कोणाला वेडाचा आजार नसेल, तुमच्या मामाला असेल. तो आठवड्यातून एकदा घेत असेल, तुम्ही सकाळी दात घासायच्या आधी. मित्राचा उपयोग वेगळ्या वेळी आहे. तुम्हाला गरगरलं, घाबरल्यासारखं झालं, छाती धडधडायला लागली तर शेजारी बसून राहणं, पाणी देणं, गाडीची किल्ली काढून घेणं. ते काम डॉक्टर करू शकत नाही.

माल देणारा म्हणतो, "हा शुद्ध आहे, याचा काही त्रास नाही." त्याला तर रोजचा अनुभव असतो ना?

त्याला विक्रीचा रोजचा अनुभव असतो.

याचा पुरावा हवा तर अमेरिकेतला घ्या, कारण तिथे विक्रेते उघड बसतात आणि त्यांना फोन लावून विचारता येतं. कोलोरॅडो राज्यात संशोधकांनी गांजाच्या ४०० परवानाधारक दुकानांना फोन केले. फोन करणारी बाई सांगायची की मी आठ आठवड्यांची गरोदर आहे, सकाळी उलट्या होतात, काय घेऊ? ६९ टक्के दुकानांनी गांजाचंच काहीतरी सुचवलं. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांनी दिलेलं कारण होतं स्वतःचं मत. डॉक्टरला विचारा असं आपणहून म्हणणारे तिघांत एक सुद्धा भरले नाहीत. गरोदरपणात गांजा घेतल्याने बाळाचं वजन कमी भरण्याचा धोका असतो, म्हणून तो घेऊ नये असा वैद्यकीय सल्ला आहे. परवाना टांगलेल्या, दिवे लखलखणाऱ्या दुकानांची ही गत. मग बंदराच्या मागे मोटारसायकलवर बसलेल्या पोराकडून काय अपेक्षा करणार?

शुद्धतेचंही तेच. पुडीत काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. त्याला दुसऱ्याने सांगितलेलं असतं, त्या दुसऱ्याला तिसऱ्याने. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजात १९९५ साली नशेचा मुख्य घटक, म्हणजे टीएचसी, सरासरी ४ टक्के होता. २०२१ मध्ये तो १५ टक्क्यांच्या आसपास गेला. तेव्हा आजोबांच्या चिलमीचा अनुभव नातवाच्या कामाला येईलच असं नाही. त्यातून कोणी "स्पाइस" किंवा "के-टू" म्हणून फवारलेली पानं दिली तर तो गांजा नव्हेच. ती कारखान्यात बनवलेली रसायनं असतात. त्यांनी फिट येणं, किडनी बिघडणं, मृत्यू होणं, सगळं घडलेलं आहे.

मोबाइलवर तर सगळं मिळतं. त्यातलं खरं कसं ओळखायचं?

रील करणारा खाली काही विकत असेल तर त्याला जाहिरात म्हणून बघा. तेल, गमी, झोपेचे थेंब, "लिंक बायोमध्ये". २०१७ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून मागवलेली सीबीडीची, म्हणजे गांजातल्या नशा न चढवणाऱ्या घटकाची, ८४ उत्पादनं तपासली, तर त्यांतल्या जेमतेम ३१ टक्क्यांच्या लेबलवर खरं प्रमाण छापलेलं होतं. १८ उत्पादनांत टीएचसी सापडला. म्हणजे नशा नको म्हणून घेणाऱ्यालाही नशेचा घटक गेला, आणि नोकरीच्या तपासणीत तो पकडला जाऊ शकतो.

दुसरी खूण अशी, की जो माणूस एकाच वनस्पतीने झोप, सांधे, मधुमेह, कॅन्सर आणि नवरा-बायकोची भांडणं सगळं बरं करतो, त्याचं काहीच ऐकू नये. आणि जो म्हणतो एका झुरक्यात पोरगा वेडा होतो, त्याचंही नको. दुसऱ्या प्रकारची पोस्टर आमच्या शाळेत लागायची. सांगाडा, कवटी, लाल अक्षरं. पोरांनी एकदा ओढून बघितला, सांगाडा काही झाला नाही, आणि त्या दिवसापासून शाळेने सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्यांचा विश्वास उडाला. हे नुकसान अजून भरून आलेलं नाही.

व्हॉट्सअॅपवर आलं की युनोने गांजा औषध म्हणून मान्य केला. खरं का?

अर्धं. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने अंमली पदार्थांबद्दलच्या १९६१ च्या कराराच्या चौथ्या अनुसूचीतून, म्हणजे सगळ्यात कडक यादीतून, गांजा काढला. मतदान २७ विरुद्ध २५ असं अटीतटीचं झालं आणि भारताने बाजूने मत दिलं. पण पहिल्या अनुसूचीत तो आजही आहे, आणि आपल्याकडचा अंमली पदार्थांचा १९८५ चा कायदा, म्हणजे एनडीपीएस, त्याने बदललेला नाही.

औषधी उपयोग काहीच नाहीत असंही म्हणता येत नाही. किमोथेरपीनंतरच्या उलट्या, मल्टिपल स्क्लेरोसिसमधला स्नायूंचा ताठरपणा आणि लहान मुलांच्या काही दुर्मीळ, अवघड फिट्स यांसाठी मोजून-मापून बनवलेली औषधं परदेशात मान्य आहेत. जुनाट दुखण्यावर थोडा उपयोग होतो असा पुरावा आहे. गांजाच्या तेलाने माणसाचा कॅन्सर बरा झाल्याचा पुरावा नाही. केमो सोडून तेल घेणारा एक माणूस माझ्या ओळखीत होता. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

डॉक्टरला सांगितलं तर पोलिसात जाईल का? घरी कळेल का?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

ओपीडीत तुम्ही "मी गांजा ओढतो" म्हणालात म्हणून डॉक्टर पोलिसांना फोन करत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अंमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेले मानसिक त्रासही मोडतात, आणि त्याच कायद्याच्या कलम २३ ने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. जीव धोक्यात असणं, कोर्टाचा आदेश असे मोजके अपवाद आहेत. अपघात किंवा मारामारी करून दवाखान्यात गेलात तर पोलिस केस होते, पण ती अपघाताची.

कायदा स्वतः मात्र मऊ नाही. गांजा ओढण्याला एनडीपीएसच्या कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जवळ बाळगण्यासाठी "अल्प प्रमाण" म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅमपर्यंत. अल्प प्रमाण म्हणजे माफ असं पुष्कळ पोरं समजतात. तसं नाही, त्यालाही एका वर्षापर्यंत कैद आहे. पण याच कायद्यात कलम ६४-अ आहे, आणि ते कोणी सांगत नाही. व्यसन जडलेला माणूस स्वेच्छेने सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचारांना गेला आणि त्याने ते पुरे केले, तर ओढल्याबद्दल किंवा अल्प प्रमाणाबद्दल त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्ध्यावर सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. वकिलाला हेच कलम विचारा.

घरी कळण्याचं म्हणाल तर कायदा एक आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसलेली शेजारीण दुसरी. तिच्यावर कलम २३ लागू नाही. म्हणून लोक गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात जातात. दूर आहे, पण तिथे आपलं कोणी नसतं. तुम्हाला तसंच सोयीचं वाटत असेल तर खुशाल जा. लाजेपायी न जाण्यापेक्षा दोन तास एसटीत बसलेलं बरं.

डॉक्टर ऐकून घेत नाहीत, नुसते ओरडतात.

काही ओरडतात. मी स्वतः ऐकलंय. एका पोराला मीच समजावून पाठवलं होतं आणि तो दहा मिनिटांत परत आला. "तुम्हीच पाठवलात ना," एवढंच म्हणाला. पुढे वर्षभर तो दुकानात आला नाही. सर्दीची गोळीसुद्धा पलीकडच्या मेडिकलमधून न्यायचा.

तेव्हापासून मी आधी अंदाज घेतो, कोणत्या डॉक्टरकडे कोणाला धाडायचं. तुम्हीही घ्या. पहिल्या भेटीत सगळं सांगायलाच हवं असं नाही. "डॉक्टर, मी काही नशेचं घेत असेन तर या औषधाबरोबर चालेल का?" असं विचारून बघा. समोरचा माणूस पेन खाली ठेवून ऐकतो की भुवया वर करतो, तेवढ्यात कळतं.

सांगायचंच झालं तर काय काय सांगू?

ओढता की खाता. किती दिवसांनी, आणि दिवसातून किती वेळा. तंबाखूत मिसळून का? आपल्याकडे बहुतेक जण सिगरेटमध्ये किंवा चिलमीत तंबाखूबरोबरच भरतात, मग अर्धी ओढ निकोटीनची असते आणि सोडताना तीच जास्त छळते. बरोबर दारू असते का. घरात कोणाला मोठा मानसिक आजार आहे का.

दोन वेळा मात्र लपवूच नका. ऑपरेशनआधी भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगायचं, कारण रोज घेणाऱ्याला भुलीचं औषध वेगळ्या प्रमाणात लागू शकतं आणि नाडी-रक्तदाबही वेगळे वागतात. आणि हृदयाची झडप बदललेल्या किंवा रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्याने सांगायचं, कारण गांजाने त्या गोळीचा जोर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. छातीत दुखायचा इतिहास असलेल्यांनीही. झुरका घेतल्यावर नाडी जोरात धावते, आणि पहिल्या तासाभरात हार्ट अॅटॅकचा धोका वाढलेला अमेरिकेतल्या अभ्यासात दिसला आहे.

भांग तर देवाची. शिमग्याला, महाशिवरात्रीला घेतली तर काय होतं?

कायद्यात ती वेगळी, हे खरं. एनडीपीएसमध्ये गांजा म्हणजे फुलोरा, चरस म्हणजे राळ; नुसती पानं त्या व्याख्येबाहेर. त्यांचा कारभार राज्याकडे असतो आणि महाराष्ट्रात परवान्याशिवाय भांग विकता येत नाही. पोटाला मात्र कायद्याची कलमं कळत नाहीत.

दरवर्षी शिमग्याला पालखी नाचवून झाली की माझ्याकडे दोन-तीन माणसं आणली जातात. गोष्ट प्रत्येक वेळी तीच. एक ग्लास घेतला, अर्धा तास काही झालं नाही, "पाणी घातलंय रे यात" म्हणून दुसरा घेतला. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो. पोटातून गेलेली भांग चढायला अर्धा ते दोन तास घेते आणि सहा-आठ तास किंवा त्याहून जास्त टिकते. पहिला ग्लास चढायला लागतो तेव्हा दुसरा रांगेत उभा असतो. मग माणसाला वाटतं आपण मेलो. प्रौढ माणूस नुसत्या भांगेने सहसा मरत नाही. पण त्या अवस्थेत मोटारसायकल चालवणारा, विहिरीच्या कठड्यावर बसणारा मरू शकतो. आणि चुकून पेढा खाल्लेलं लहान मूल बेशुद्ध पडू शकतं. मूल असेल तर थांबू नका, १०८ ला फोन करा आणि डॉक्टरला भांग म्हणून स्पष्ट सांगा. "काय खाल्लंय माहीत नाही" असं सांगितल्याने भलत्याच तपासण्यांत वेळ जातो.

आयुर्वेदात विजया, म्हणजे भांग, आहे. मग वैद्यांवर विश्वास ठेवायचा की नाही?

शिकलेल्या, नोंदणी असलेल्या वैद्यावर जरूर ठेवा. तोच तुम्हाला सांगेल की औषध कायद्याच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांगही बचनाग आणि धोतऱ्याच्या पंगतीला बसलेली आहे, आणि अशा औषधांच्या डब्यावर "वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे" असं छापावं लागतं. शोधन, मात्रा, अनुपान यांना आयुर्वेदात अर्थ आहे. पुडीवाल्याच्या तोंडी आलेल्या "आयुर्वेदात लिहिलंय" या वाक्याला नाही. बियांचं म्हणाल तर त्यांत नशा नसते. भांगेच्या बिया आणि त्यांचं तेल अन्न म्हणून विकायला एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०२१ मध्ये परवानगी दिली आहे.

रोज ओढणाऱ्याला महिन्या-महिन्याने उलट्यांचा झटका येतो. पित्त का?

इथे माझी चूक आधी सांगतो. बोटीवर जाणारा, तिशीतला माणूस. तीन-चार दिवस उलट्या, मग महिनाभर बरा, परत तेच. मी दर वेळी पित्ताची गोळी दिली, घरी आवशीने, म्हणजे आईने, कोकमाचं आगळ पाजलं, गोळ्या बदलल्या. एकदा त्याची बायको सहज म्हणाली, "दिवसातून पाच वेळा कढत पाण्यान न्हाता. मे महिन्यात! बंब इझवूक देणा नाय." ते ऐकून मला खटकायला हवं होतं. खटकलं नाही. पुढे गोव्यातल्या एका डॉक्टरने दोन मिनिटांत ओळखलं.

याला गांजामुळे होणारा उलट्यांचा विकार म्हणतात. वैद्यकीय मासिकात तो पहिल्यांदा नीट मांडला गेला २००४ मध्ये, दक्षिण ऑस्ट्रेलियातून. वर्षानुवर्षं जवळजवळ रोज ओढणाऱ्यांना होतो, नेहमीच्या उलटीच्या गोळ्यांना दाद देत नाही, आणि कढत पाण्याच्या आंघोळीने तेवढ्यापुरतं बरं वाटतं. हीच मोठी खूण. गंमत अशी की गांजाने मळमळ थांबते हे ऐकलेलं असल्यामुळे माणूस आणखी ओढतो. उपाय एकच आहे, पूर्ण बंद करणं. झटका चालू असताना अंगातलं पाणी कमी होऊन किडनीवर ताण येतो, तेव्हा सलाइनसाठी दवाखाना गाठावा. त्या माणसाने डॉक्टरला गांजाचं आधी का सांगितलं नाही? त्याला वाटलं, उलट्यांचा आणि त्याचा काय संबंध. मीही विचारलं नव्हतं.

मुलगा एकटाच बोलतो, लोक मागावर आहेत म्हणतो. घरचे म्हणतात बाहेरची बाधा. गांजामुळे असेल का?

गांजामुळे असू शकतं, गांजाशिवायही असू शकतं, आणि दोन्ही मिळूनही. ठरवायचं काम मानसोपचार तज्ज्ञाचं. युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणी झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये आला. रोज गांजा घेणाऱ्यांत मनोविकृतीचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट दिसलं, आणि रोज जहाल गांजा घेणाऱ्यांत जवळजवळ पाचपट. याचा अर्थ ओढणारे सगळे वेडे होतात असा नाही. बहुतेकांना असं काही होत नाही. पण कमी वयात सुरू करणारे आणि घरात असा आजार असलेले, त्यांनी या खेळात पडूच नये.

उलट बाजूनेही सावध. १८९३ मध्ये इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या गांजा-भांगेची चौकशी करायला आयोग नेमला, त्याने सुमारे १२०० साक्षीदार तपासले. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळांतल्या नोंदवह्यांमध्ये भराभर "कारण: गांजा" लिहिलेलं असे. आयोगाने एकेक केस उकरली तेव्हा त्यांतला मोठा भाग टिकला नाही. पोलिसांनी कागदावर जे कारण भरून पाठवलं तेच वहीत चढलेलं होतं. सव्वाशे वर्षं उलटली, अजूनही पोरगा बिघडला की कोणी बाधा लिहितं, कोणी गांजा, आणि तपासायच्या आधीच लिहितं.

देवाला कौल लावायचा तर लावा, गाऱ्हाणं घाला. मी अडवणार नाही, माझ्या घरातही घालतात. पण त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही न्या. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. पहिल्या झटक्यानंतर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकं बरं. बाधा उतरवण्यात गेलेले सहा महिने परत मिळत नाहीत.

गांजाची सवय लागत नाही म्हणतात.

लागते, सगळ्यांना नाही. जुना, वारंवार दिला जाणारा अंदाज असा की कधीतरी घेतलेल्या दहांतल्या साधारण एकाला. किशोरवयात सुरू केलं तर सहांतल्या एकाला. सोडल्यावर पहिल्या आठवड्यात चिडचिड, झोप उडणं, भूक मरणं, भलभलती स्वप्नं. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ओसरतं. झोपेसाठी ओढणारे इथेच अडकतात. सोडलं की झोप जाते, आणि "बघा, मला याची गरजच आहे" असा निष्कर्ष काढतात. झोपेच्या गोळ्या मागायला माझ्याकडे येऊ नका, चिठ्ठीशिवाय देणार नाही. मासेमारी बंदीचे जून-जुलै हे महिने अवघड. हाताला काम नाही, बाहेर धो धो पाऊस. सोडायला बोट चालू असतानाचे दिवस निवडा, असं मला दोन खलाशांनी सांगितलं. हे पुस्तकात नाही, पण मला पटलं.

नाव न सांगता कोणाशी बोलता येईल?

१४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक. १४४१६ म्हणजे टेली-मानस, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी, चोवीस तास, मराठीतही. १९३३ अंमली पदार्थ नियंत्रण विभागाचा, तिथे प्रामुख्याने विक्रीची खबर देता येते. समुपदेशनाचीही सोय आहे, पण मन मोकळं करायचं असेल तर मी आधीचे दोन सांगतो. राहून उपचार घ्यायचे तर कोकणातली बरीच माणसं पुण्याच्या मुक्तांगणला जातात. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये ते सुरू केलं. कुठल्याही केंद्रात ठेवण्यापूर्वी नोंदणी आहे का, डॉक्टर रोज येतो का, घरच्यांना भेटू देतात का, हे विचारा. मारझोड करणारी केंद्रंही असतात.

मुलाच्या खिशात पुडी सापडली. आधी कोणाला विचारू?

वहिनी, आधी मुलाला. पण त्याच रात्री नको, आणि बाबा घरात ओरडत असताना तर नकोच. "कधीपासून?" याच्याआधी "घेतल्यावर तुला कसं वाटतं?" हे विचारा. तो जे सांगेल त्यात झोप, परीक्षा, मुंबईची बुडालेली नोकरी, काहीतरी निघेल. १४४४६ ला तुम्हीही फोन करू शकता, मुलाने करायला हवा असं नाही. भावकीत मात्र कोणाला विचारू नका. सल्ला चांगला मिळेलही, पण गणपतीपर्यंत मुंबईच्या चाकरमान्यांनाही कळलेलं असेल आणि मग तो तुम्हाला पुन्हा काही सांगणार नाही.

समुद्रातून वाहून आलेलं पाकीट सापडलं तर?

हात लावू नका, पोलिस किंवा कस्टमला कळवा. ऑगस्ट २०२३ मध्ये दापोलीच्या किनाऱ्यावर, कर्दे, लाडघर, केळशी या भागांत चरसाची अशी पाकिटं आली, सगळी मिळून दोनशे किलोंच्या वर. "वाहून आलेलं आहे, म्हणजे चोरीचं नाही" हा युक्तिवाद ऐकला आहे. १०० ग्रॅमच्या वर गेलात की तुम्ही अल्प प्रमाणाच्याही बाहेर.

जहाजावरच्या नोकरीची मेडिकल पुढच्या आठवड्यात आहे. लघवी साफ करणारं औषध आहे का?

नाही. व्हिनेगर, लिंबू-सोडा, नायसिनच्या गोळ्या, "डिटॉक्स" बाटली, काहीही नाही. नायसिन भरमसाट घेऊन यकृत बिघडलेले लोक मात्र आहेत. टीएचसी चरबीत साठतो आणि हळूहळू बाहेर पडतो. एखाद-दुसऱ्या वेळी घेतला असेल तर साधारण तीन दिवस, रोज घेत असाल तर महिनाभर किंवा त्याहून जास्तही लघवीत सापडतो. भरपूर पाणी प्यायलात तर लघवी पातळ झाल्याचं प्रयोगशाळेला लघवीतल्या क्रिएटिनिन या घटकावरून कळतं आणि नमुना पुन्हा मागतात. ती बाटली माझ्याही दुकानात विकायला एक एजंट आला होता, नफा निम्म्याहून जास्त देत होता. तारीख पुढे ढकलून मिळत असेल तर ती मागा, आणि आजपासून बंद करा.